पेठेतल्या माणसाचं नाव विधानसभेत यायला हवं असेल तर आमदारांना टिपण कसं लिहून द्यायचं

अधिवेशनाची तारीख लागली की मला एक तरी फोन येतोच, की अरे आमच्या आळीतल्या अमक्यांनी पन्नास वर्षं एवढं काम केलंय, साहेबांना सांगून सभागृहात त्यांचा उल्लेख करायला लाव ना. मी आता त्या ऑफिसात नाही, पण चार वर्षं पुण्यातल्या एका आमदारांच्या ऑफिसात बसून अधिवेशनाची टिपणं लिहिलीत, म्हणजे पीए नव्हतो हां, पीएच्या शेजारी प्लास्टिकच्या खुर्चीत बसून प्रिंटरशी भांडणारा जो असतो तो मी. तर दर वेळी फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा सगळं लिहून टाकतो.

सगळ्यात आधी एक गोष्ट, कारण दहातले नऊ लोक इथेच चुकतात. लोक मानपत्र घेऊन येतात. मखमली फाइल, त्यात सोनेरी अक्षरात "पुण्यनगरीच्या वैभवशाली सांस्कृतिक परंपरेतील देदीप्यमान तारा" वगैरे, आणि म्हणतात हेच वाचू देत साहेबांना. अहो पण मानपत्र वाचतात तेव्हा तो माणूस शाल पांघरून समोर बसलेला असतो, सगळा हॉल त्याला ओळखत असतो, त्यामुळे तुम्ही काहीही विशेषणं लावा, लोक मनातल्या मनात त्याचं काम आठवून टाळ्या वाजवतात. सभागृहात तो माणूस नसतो, चंद्रपूरच्या आमदाराने त्याचं नाव कधी ऐकलेलं नसतं, अर्धे लोक कागदं चाळत असतात, आणि खाली बसलेले प्रतिवेदक मात्र शब्दन् शब्द टिपून घेत असतात. म्हणजे ऐकणाऱ्याला काही माहीत नाही आणि लिहिणारा सगळं लिहितोय. अशा ठिकाणी "देदीप्यमान" काही कामाचं नाही. तिथे आळीतल्या माणसालाच माहीत असते अशी एक गोष्ट लागते, आणि ती बरोबर असावी लागते.

आता कुणाकडे जायचं. हे सोपं वाटतं पण नाही. पुणे शहरात विधानसभेचे आठ मतदारसंघ धरतात, कसबा पेठ, शिवाजीनगर, कोथरूड, पर्वती, पुणे कॅन्टोन्मेंट, वडगाव शेरी, हडपसर आणि खडकवासला. पेठांमध्ये तर रस्ता ओलांडला की मतदारसंघ बदलतो, त्यामुळे अंदाजाने जाऊ नका, मतदार यादीत बघा. खासदारांचं तर अजून मजेशीर आहे, हडपसरवाल्याचा खासदार शिरूरचा आणि धायरीत राहणाऱ्याचा बारामतीचा. चुकीच्या ऑफिसात गेलात तर ते नाही म्हणत नाहीत, कुणीच नाही म्हणत नाही, "ठेवून जा" म्हणतात, आणि मग ते तिथेच ठेवलेलं राहतं.

आणि विधान परिषद लोक विसरतातच. २८८ विधानसभेचे, पण ७८ परिषदेचे पण आहेत की. त्यात पुणे पदवीधर आणि पुणे शिक्षक असे दोन मतदारसंघ आहेत, पुणे, सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूर असे पाच जिल्हे मिळून. म्हणजे तुमच्या शाळेतल्या चाळीस वर्षं गणित शिकवलेल्या बाईंबद्दल बोलायचं असेल तर शिक्षक मतदारसंघाचे आमदार हा उत्तम पत्ता आहे, त्यांच्या दृष्टीने तो त्यांच्या घरचाच विषय. परिषदेत गडबडही जरा कमी असते, दोन मिनिटं शांतपणे मिळण्याची शक्यता जास्त. हे माझं मत, विधानसभावाले चिडतील.

पुढचा प्रश्न, बोलायचं कधी. आमदार उठले आणि बोलायला लागले असं नसतं. प्रत्येक गोष्टीला एक आयुध लागतं, संसदीय आयुध म्हणतात त्याला, आणि चुकीच्या आयुधातून गेलात तर तुमचं टिपण कितीही भारी असो, वर येत नाही.

लक्षवेधी सगळ्यांना माहीत असते म्हणून सगळे लक्षवेधीच मागतात. ती तातडीच्या सार्वजनिक प्रश्नावर मंत्र्यांकडून निवेदन घ्यायला असते, सूचना ढिगाने जातात आणि लागतात थोड्याच, त्यात तुमच्या तालमीच्या वस्तादांचा गौरव बसणार नाही. तारांकित प्रश्न, म्हणजे ज्यांना मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात ते, खूप आधी द्यावे लागतात आणि ते प्रश्न असतात, त्यात कौतुक करता येत नाही. शोकप्रस्ताव बहुतेक करून माजी सदस्य आणि मोठ्या नेत्यांसाठी असतो, त्यामुळे आळीतल्या गेलेल्या माणसासाठी तो हट्ट धरू नका, नाही म्हटल्यावर घरच्यांना उगाच लागतं. अभिनंदनाचा प्रस्ताव सहसा सरकार किंवा अध्यक्षांकडून, सगळ्या पक्षांना विचारून येतो, वर्ल्ड कप, ऑलिंपिक अशा गोष्टींना. उरतं काय, तर औचित्याचा मुद्दा. त्या दिवशीच अध्यक्षांकडे लेखी द्यायचं, थोडक्यात बोलायचं, बसायचं. परिषदेत त्याच्या जोडीला विशेष उल्लेखही असतो. आपल्या कामाला हे दोन बरे.

पण खरा चोरदरवाजा तिसराच आहे आणि तो मला एका जुन्या पीएने शिकवला. बजेट अधिवेशनात खात्यांच्या मागण्यांवर, म्हणजे त्या-त्या खात्याने मागितलेल्या खर्चावर, चर्चा होते. सांस्कृतिक कार्य, शालेय शिक्षण, उद्योग, जे खातं असेल ते. तिथे आमदारांना पाच-सात मिनिटं मिळतात आणि त्यांना काहीतरी वेगळं बोलायला हवंच असतं, कारण रस्ते-पाणी सगळेच बोलून गेलेले असतात. त्यातलं एक मिनिट तुमचं. म्हणजे कुंभारवाड्याची गोष्ट उद्योगाच्या मागण्यांत, तालमीची क्रीडा विभागाच्या मागण्यांत. त्यासाठी वेगळी परवानगी लागत नाही, फक्त टिपण वेळेत पोचायला हवं आणि त्यावर कुठल्या खात्याच्या मागणीत बोलायचं ते ठळक लिहिलेलं हवं.

संसदेत वेगळं. लोकसभेत शून्य प्रहर, म्हणजे आयत्या वेळचे मुद्दे मांडायची वेळ, आणि नियम ३७७, ज्याखाली आधी लेखी दिलेला मुद्दा मांडता येतो; राज्यसभेत शून्य प्रहर आणि विशेष उल्लेख. ३७७ चा आणि विशेष उल्लेखाचा मजकूर अडीचशे शब्दांत बसवावा लागतो. मराठीत बोलायचं असेल तर आधी कळवायचं म्हणजे दुभाषाची सोय होते. वेळ कमी पडला की ३७७ चा मजकूर न बोलता सभापटलावर ठेवला जातो, पण नोंद होते. अमेरिकेत तर यासाठी पक्की सोयच आहे, तिथल्या कनिष्ठ सभागृहात एक-एक मिनिटाची भाषणं असतात आणि न बोललेला मजकूरही "एक्स्टेन्शन्स ऑफ रिमार्क्स" नावाच्या भागात छापून येतो, मग काय, गावातल्या शाळेची टीम जिंकली, कुणी आजी शंभर वर्षांच्या झाल्या, सगळं तिथे छापून. आपल्याकडे एवढी चैन नाही, आणि म्हणूनच आपल्याकडे गौरवाच्या शेवटी एक मागणी जोडावी लागते. त्यावर खाली बोलतो.

अधिवेशनं तीन, बजेट आणि पावसाळी मुंबईत, हिवाळी नागपूरला. एकेकाळी मुंबई इलाख्याचं कायदेमंडळ पावसाळ्यात पुण्यात कौन्सिल हॉलमध्ये बसायचं, तेव्हा आळीतल्या माणसाला नुसतं चालत जाता आलं असतं! आता टिपण निदान पंधरा दिवस आधी ऑफिसात पोचवा. अधिवेशन सुरू झाल्यावर दिलेलं टिपण म्हणजे विसर्जनाची मिरवणूक शेवटाला अलका चौकात पोचल्यावर ढोल बांधायला घेण्यासारखं आहे.

आता माहिती गोळा करणं, आणि यात वेळ घालवा, लिहिण्यात नाही.

माणसाकडे जा. फोनवर नको. त्याच्या कामाच्या जागी जा, घरी नको, कारण घरी माणूस पाहुण्यांसमोर बसल्यासारखा बोलतो आणि कामाच्या जागी हातातलं काम करत बोलतो. मी तांबट आळीत एका कारागिरांकडे असाच गेलो होतो, तीन वेळा गेलो. पहिल्या दोन वेळा त्यांनी मला तेच सांगितलं जे सगळ्या पेपरवाल्यांना सांगतात, पेशवाईत कोकणातून आलो, आता स्टील आलं, पोरं शिकत नाहीत. तिसऱ्या वेळी मी नुसता बसलो. एक घंगाळं चाललं होतं, ठोक ठोक ठोक, आणि मधेच थांबून त्यांनी भांडं फिरवलं आणि एका ठिकाणी परत ठोकलं. मी विचारलं काय झालं, तर म्हणाले एक ठोका आडवा पडला. मला काही दिसलं नव्हतं. त्यांनाही दिसला नव्हता म्हणे, हाताला कळला. आणि मग सहज बोलता बोलता सांगितलं की कानाला आता कमी ऐकू येतं, आळीत सगळ्यांनाच येतं. हे झालं टिपण. पेशवाई आणि स्टील दोन्ही एका वाक्यात उरकलं.

म्हणजे शोधायचं काय, तर हाताला, पायाला, घड्याळाला चिकटलेली गोष्ट. पालखीच्या मुक्कामाचं घ्या. ज्ञानोबांची पालखी भवानी पेठेत पालखी विठोबाच्या देवळात आणि तुकोबांची नाना पेठेत निवडुंग्या विठोबाला उतरते हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण त्या दोन दिवसांत एखाद्या वाड्यातल्या बायका किती वाजता चुली पेटवतात, किती पीठ लागतं, वारकऱ्यांच्या पायांना तेल कोण लावतं, हे त्या वाड्यातच कळतं. पानशेतचं घ्या. १२ जुलै १९६१ ला धरण फुटलं हे पुस्तकात आहे. पण गोखलेनगर-जनवाडीच्या पूरग्रस्त वसाहतीतल्या कुठल्या आजींनी त्या दिवशी घरातून नेमकं काय उचललं होतं, हे विचारायला गेलात तरच कळणार, आणि विचारायला आता फार वर्षं उरलेली नाहीत.

त्यांची परवानगी घ्या, लेखी नको, पण स्पष्ट विचारा. "तुमचं नाव विधानसभेत घेतलं जाणार आहे, ते कायमचं छापलं जातं, चालेल का?" काही लोक नाही म्हणतात. एका सुईणबाईंनी मला नाही म्हटलं होतं, म्हणाल्या माझ्या हातून जन्मलेल्यांत दोन्ही पार्ट्यांचे लोक आहेत, मला मधे नको घेऊ. बरोबर होतं त्यांचं. आजार, पगार, जात, घरातली भांडणं हे त्यांनी स्वतः हवं म्हटल्याशिवाय टिपणात टाकायचं नाही. वरच्या कानाच्या गोष्टीसाठीसुद्धा मी परत जाऊन विचारलं होतं.

मग खात्री करणं. इथे मी एकदा स्वतः तोंडावर आपटलोय. एका गणपती मंडळाचं स्थापनेचं साल मी त्यांच्या कमानीवरून घेतलं, टिपण गेलं, साहेब बोलले, आणि दुसऱ्या दिवशी त्याच मंडळाच्या जुन्या कार्यकर्त्यांचा फोन, की कमानीवरचं साल नोंदणीचं आहे, मंडळ त्याच्या कितीतरी वर्षं आधीचं. चूक माझीच, कारण धर्मादाय आयुक्तांकडच्या नोंदणीचं साल आणि गणपती बसवायला सुरुवात केल्याचं साल वेगळं असतं हे कुणीही सांगितलं असतं, मी विचारलं नाही. तेव्हापासून दोन ठिकाणी सापडल्याशिवाय साल लिहायचं नाही हा माझा नियम.

पुण्यात शोधायला जागा भरपूर आहेत हो. भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, १९१० पासून. पुणे नगर वाचन मंदिर आहे, ते तर १८४८ चं. जुन्या वाड्यासाठी सिटी सर्व्हेचं प्रॉपर्टी कार्ड काढा. माणसाच्या नावासाठी शाळेचं जनरल रजिस्टर चालतं, कारण लोकांना स्वतःच्या आजोबांचं पूर्ण नाव माहीत नसतं, "आप्पा" एवढंच माहीत असतं आणि कार्यवाहीत, म्हणजे सभागृहाच्या छापील नोंदीत, "आप्पा" जाऊन उपयोग नाही.

तारखेवर घोळ असेल तर सालावर थांबा. भिडे वाड्यातल्या मुलींच्या शाळेचं बघा, दिवस कुठला यावर लोक तावातावाने भांडतात, पण १८४८ म्हटलं की कुणी हलत नाही. मग १८४८ म्हणा आणि पुढे चला.

आणि "पहिला" हा शब्द. पुण्यात राहून हा शब्द लिहिताना हात कापायला पाहिजे. पहिला सार्वजनिक गणपती कुणाचा, भाऊ रंगारींचा का टिळकांचा, १८९२ का १८९३, यावरून आजही माणसं एकमेकांकडे बघत नाहीत, २०१७ ला महापालिकेने सव्वाशे वर्षांचा सोहळा केला तेव्हा परत पेटलं होतं. अशा भांडणात आमदाराला तुमच्या टिपणामुळे ढकलू नका, पुढच्या वेळी टिपण कचऱ्यात जाईल. "पहिला", "एकमेव", "आशियातील सर्वात मोठा", हे तीन शब्द दिसले की आमचे पीए लाल पेनाने गोल करायचे आणि बाजूला लिहायचे "कोण म्हणतं?". "जुन्यांपैकी एक" म्हणा, काही बिघडत नाही.

अजून एक पुणेरी खड्डा म्हणजे कोर्ट. तुम्ही एखाद्या वाड्याच्या वारशाबद्दल टिपण लिहिता आणि त्या वाड्यावर मालक-भाडेकरू दावा चालू असतो, कारण पुण्यातल्या कुठल्या वाड्यावर नसतो. न्यायप्रविष्ट बाबीवर सभागृहात बोलायला गेलं की समोरून कुणीतरी उठणारच. म्हणून वाड्याबद्दल आधी शेजाऱ्यांना विचारा, शेजाऱ्यांना सगळं माहीत असतं. दावा असेल तर वाडा सोडा आणि वाड्यातल्या माणसाबद्दल किंवा तिथल्या कामाबद्दल बोला.

आता लिहायला बसा. दोन मिनिटं म्हणजे दोनशे ते सव्वादोनशे शब्द, त्याच्यावर एक शब्द नको. तुम्ही म्हणाल साहेब भराभर बोलतात. बोलतात, पण मधे कुणीतरी काहीतरी बोलतं, अध्यक्ष घंटी वाजवतात, साहेब पाणी पितात. म्हणून मुख्य गोष्ट आणि नाव पहिल्या मिनिटात आलंच पाहिजे. लोक नाव शेवटाला ठेवतात, सस्पेन्ससारखं, आणि घंटी वाजते, आणि ज्याच्यासाठी एवढं केलं त्याचंच नाव राहतं. हे मी गॅलरीतून डोळ्यांनी बघितलंय, आणि त्या माणसाचा मुलगा माझ्या शेजारी बसला होता.

सभागृहात भाषण वाचून दाखवायचं नसतं, मुद्दे बघून बोलायचं असा संकेत आहे, त्यामुळे वाक्यं अशी हवीत की एकदा वाचली की तोंडात बसतील. मोठ्या अक्षरात, एका पानावर, दोन ओळींत भरपूर जागा. अवघड नाव असेल तर तोडून लिहा.

तांबट आळीचं माझं टिपण साधारण असं होतं, नाव आणि वर्षं काढून देतोय:

"अध्यक्ष महोदय, माझ्या मतदारसंघात कसबा पेठेत तांबट आळी आहे. या आळीत शिरलं की दुकान नंतर दिसतं, आधी हातोडीचा आवाज येतो. तिथे श्री. (पूर्ण नाव, वडिलांच्या नावासह) गेली (इतकी) वर्षं तांब्याची भांडी घडवतात. तांब्याच्या पत्र्यावर एकाशेजारी एक ठोके देत जायचं, याला मठारकाम म्हणतात. ती नुसती नक्षी नाही महोदय, ठोक्याने पत्रा टणक होतो, भांड्याला सहज पोचा पडत नाही. आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी ज्या बंबाच्या पाण्याने अंघोळ केली तो बंब अशाच हातांनी घडवलेला होता. एक ठोका आडवा पडला तर यांच्या हाताला कळतं. कानाला आता कमी ऐकू येतं, कारण आयुष्यभर तो आवाज कानावर पडलाय. आळीतल्या बऱ्याच कारागिरांचं हेच आहे. त्यांचं नाव या सभागृहाच्या कार्यवाहीत नोंदलं जावं म्हणून मी उभा आहे. आणि शासनाला दोन विनंत्या आहेत. पुण्यातल्या शासकीय आयटीआयमध्ये मठारकामाचा छोटा अभ्यासक्रम सुरू करावा आणि शिकवायला याच आळीतले कारागीर घ्यावेत. आणि या कारागिरांची कानाची तपासणी शासनाने करावी. धन्यवाद."

बघा, थोर नाही, महान नाही, विद्येचं माहेरघर नाही, पेशवाईसुद्धा नाही. पेशवाई आणि स्टीलचं ते एक वाक्य मी टाकलं होतं, पीएंनी काढलं, म्हणाले पेशवाई सगळेच टाकतात, बंब कुणी टाकत नाही. आणि खरंच, बंब आल्यावर दोन-तीन जुने आमदार कागदातून मान वर काढून हसले.

मागणीबद्दल. मागणी लहान हवी, नाव-गाव असलेली हवी, आणि कुठलं खातं करू शकेल हे कळायला हवं. "वारशाचं जतन व्हावं" ही मागणी नाही, त्याला मंत्री "तपासून घेऊ" म्हणतात आणि विषय संपतो. मोठी मागणी कधीच करू नये असं नाही, फक्त तिच्यामागे पूर्ण शहर उभं पाहिजे. जुलै २०२५ मध्ये कसब्याच्या आमदारांनी विधानसभेत गणेशोत्सवाचा विषय काढला आणि सांस्कृतिक कार्य मंत्र्यांनी तिथेच सार्वजनिक गणेशोत्सव राज्य महोत्सव म्हणून जाहीर करून टाकला. पण तो गणपती होता. तुमच्या आळीतल्या कल्हईवाल्यासाठी आयटीआयचा वर्गच मागा.

आता त्या दिवसाच्या बारीकसारीक गोष्टी. वस्तू देऊ नका बरोबर. एकदा एका मंडळाने साहेबांना सभागृहात दाखवायला म्हणून अख्खी लेझीम दिली होती. सभागृहात वस्तू फडकवणं चालत नाही, आणि सुरक्षेवाल्यांना ती समजावून सांगताना माझी अर्धी सकाळ गेली. सत्कारमूर्तींना गॅलरीत बसवायचं असेल तर पास आधी काढा, आधार कार्ड लागतं, मोबाइल बाहेर ठेवावा लागतो, आणि वयस्कर माणूस असेल तर खरं सांगतो, नका नेऊ. औचित्याचा मुद्दा सकाळी येईल का रात्री आठला हे कुणी सांगू शकत नाही. घरी टीव्ही किंवा मोबाइलवर लाइव्ह बघू द्या, चहा तरी मिळतो. आणि गॅलरीत बसलेल्याकडे हात करून "ते बघा आज इथे आलेत" असं साहेबांना बोलायला लावू नका, लोकसभेत तर ते नियमातच बसत नाही.

साहेबांना आदल्या रात्री पाच मिनिटं मागा, उच्चारासाठी. "मठारकाम" ला "मटारकाम" म्हणाले तर आळीत वर्षभर थट्टा होईल, तुमचीही आणि त्यांचीही.

सत्कारमूर्तींच्या घरी "उद्या बोलणार" असं कधीच सांगायचं नाही. कामकाज तहकूब होतं, गोंधळ होतो, विषय पुढे जातो. बोलून झाल्यावर सांगायचं. मी दोनदा आधी सांगून बसलो आणि दोन्ही वेळा त्या घरी पेढे आणून ठेवले होते, परत जाऊन काय तोंड दाखवायचं.

बोलून झालं की अर्धं काम झालं, उरलेलं अर्धं लोक विसरतात. कार्यवाहीची आधी असुधारित प्रत निघते. ती ऑफिसमार्फत त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी मिळवा आणि फक्त दोन गोष्टी बघा, नाव आणि साल. ऐकून लिहिताना शिंदेकर चं शिंदेकार होतं, १९६१ चं १९७१ होतं. अशी चूक सदस्यांमार्फत दुरुस्त करून घेता येते, पण वेळेत कळवावं लागतं. मजकूर सुधारता येत नाही हां, साहेब जे बोलले तेच राहणार, नंतर "अजून एक वाक्य घाला" असं म्हणू नका.

व्हिडिओची क्लिप सगळे काढतात, ती व्हॉट्सअॅपवर दोन दिवस फिरते आणि मग गुड मॉर्निंगच्या खाली गाडली जाते. ती काढाच, पण छापील पान जास्त महत्त्वाचं. त्यावर सभागृहाचं नाव असतं, तारीख असते, आणि मधे कुठेतरी चार ओळींत आपल्या माणसाचं नाव. क्लिपबरोबर स्वतःचं काही टीकेचं लिहून फॉरवर्ड करत असाल तर जपून, सभागृहात बोलल्याचं संरक्षण घटनेने आमदाराला दिलंय, तुम्हाला नाही.

त्या पानाच्या तीन प्रती काढा. एक घरच्यांना, एक मंडळाच्या किंवा शाळेच्या दप्तरात, आणि एक पेठेतल्या वाचनालयात, तिथल्या ग्रंथपालांना हातात देऊन, तारीख टाकून. घरच्यांची प्रत अप्पा बळवंत चौकात लॅमिनेट करून घ्या, फ्रेम नको, फ्रेम केली की हार घालतात आणि माणूस जिवंत असताना ते बरं दिसत नाही. तांबट आळीतलं पान मी असंच नेऊन दिलं होतं. त्यांनी चष्मा काढला, लांब धरून वाचलं, मग पोराला हाक मारून मोठ्याने वाचायला लावलं, आणि तो "पोचा पडत नाही" पर्यंत आला तेव्हा थांबवून म्हणाले, हे कुणी सांगितलं यांना? मी म्हटलं, तुम्हीच. "मी कधी?" म्हणाले, आणि परत घंगाळं घेऊन बसले.